भोक न पाडता

दशरथ बोरकुटेंनी रायफल आणली पोत्यात गुंडाळून,
सायकलच्या दांडीला बांधून, थेट नागभीडपर्यंत.
सोबत परवान्याचं पुस्तक, डुकरांसाठीचं वनखात्याचं पत्र,
आणि जबलपूरहून भाच्यानं आणलेली दुर्बीण,
तिच्या काचेवर अजून दुकानाचा कागद.

"डोळ्याचं आपरेशन झालं, पोरी. दूरचं दिसते.
पन हे टोकावरची माशीच दिसत नाही.
दुर्बीण बसवून दे. पन भोक नोको पाडजो."

ड्रिलनं वीस मिनिटांचं काम.
दोन भोकं, आटे, स्क्रू, चहा.

थ्री-नॉट-थ्री. पोलादावर १९४३.
नळीवर, बोल्टवर, लाकडाच्या पोटात एकच नंबर,
जशी एका घरची लेकरं हजेरीत
एका आडनावानं ओळीत उभी.
"बापानं जपली, मी जपतो. माही नाही ते.
जशी आली तशी जाईन."

माझ्या नाकातलं भोक सासरचं आहे.
चमकी काढून नऊ वर्षं झाली,
बुजलं नाही. पावडर लावली की जास्तच दिसतं.
मी म्हटलं, बरं.

चार दिवस लागले.
मागच्या निशाणीच्या कण्यातला खिळा
पितळी पंच धरून हळू ठोकला.
तो एकाच बाजूनं निघतो, हे तीन शिव्यांनंतर कळलं.
निशाणी तंबाखूच्या डबीत, कापसात, वर चिठ्ठी: बोरकुटे.
मग त्याच भोकातून,
जे कारखान्यानंच पाडलं होतं माझ्या आजीच्या लग्नाआधी,
नवा खिळा, आणि त्याच्या आधारानं एक पट्टी
डाव्या अंगाला झुकलेली,
कारण रिकामी पुंगळी उजवीकडे उडते
आणि तिला वाट पाहिजे.
पोलाद पोलादाला टेकेल तिथं
फुटक्या घागरीचा पत्रा, घासून घासून
पळसाच्या पानाइतका पातळ केलेला.

बाबा असते तर त्यांनी ड्रिल मारलं असतं.
बाबा घाईचे. छोटी लाइन होती तेव्हा
संध्याकाळच्या गाडीची शिट्टी झाली की लेथ बंद,
काम अर्धं असलं तरी.
आता शिट्टी नाही. मी अंधार पडेपर्यंत घासते.

तलाव आटला होता. पाळीला टेकवून
तेलाच्या पिंपाचं झाकण, शंभर पावलांवर.
पहिली गोळी हातभर डावीकडे, मातीत.
दुसरी तिच्याच बाजूला, चार बोटांवर.
मी खाली मान घातली. बोरकुटे खूश.
"चुकते, पन एकाच जागी चुकते.
म्हंजे इमानदार आहे."

थंड्याचा डबा कापला, नखाएवढी चकती
पट्टीच्या बगलेत सरकवली.
तिसरी झाकणाच्या काठाला. चौथी आत.

पाचवी त्यांनी भरली, आणि उडवलीच नाही.
गाल लाकडाला, एक डोळा मिटलेला,
दुर्बीण हळूहळू पाळीवरून सरकत गेली
आणि थांबली.
"काय दिसते, काका?"
"बगळा. त्याच्या पायाले चिखल आहे."
मग बराच वेळ काहीच बोलले नाहीत.
गोळी काढून खिशात टाकली.

धान कापून झाल्यावर परत आले.
परवान्याची तपासणी होती;
कागदावर जशी लिहिली तशीच दिसली पाहिजे.
हंगामात किती डुकरं पडली, पडली की नाही,
मी विचारलं नाही.
खिळा काढला, पट्टी उतरवली,
डबीतून निशाणी काढून तिच्या जागी बसवली.
अकरा मिनिटं. तेलाचा एक हात फिरवला.
ठाण्यातल्या हवालदारानं म्हणे
अंगठा सगळीकडून फिरवून पाहिला
आणि म्हणाला, "अशीच तर होती."
हे सांगताना बोरकुटेंना हसू आवरेना.

पट्टी माझ्या दुकानात टांगली आहे,
लोंबीत दाणा भरेपर्यंत.
ज्या खिळ्याला टांगली, तो बाबांनी ठोकलेला.
भिंतीला कोण विचारतं.