हळदीची खूण

कुपवाडच्या फरसाणवाल्याकडून जिनपाल मगदूम
दर मंगळवारी तेल आणतो, तीन डबे.
शेवेचं, मिरच्यांचं, तळून तळून
चहासारखं झालेलं.
पहिल्यांदा म्हणाले, घेऊन जा, गटारात ओतणारच होतो.
आता डब्याला पैसे मागतात.
आपल्याला लागतं हे दिसलं की झालं.

मी जुन्या पंच्यातून गाळते.
लसणाचे काळे तुकडे,
एक कढीपत्त्याचं पान
अख्खं, शिरांसकट.
मग स्टोव्हवर, तडतड थांबेपर्यंत.
पाणी राहिलं तर साबण होतो.
पहिल्या वेळी अख्खं पिंप साबण झालं,
उलथन्यानं खरवडून काढलं,
गल्लीनं दिवाळीपर्यंत त्यावर भांडी घासली
आणि वर मलाच सांगितलं, फेस कमी येतोय.

तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत
मी पोरांच्या परीक्षानळ्या धुतल्या.
ब्युरेट फुटली की माझ्या नावावर लिहायचे.
मला कुणी थेंब मोजायला सांगितलं नाही,
पण तीस वर्षं चुकलेले थेंब पुसल्यावर
बरोबरचा थेंब ओळखू येतो.

कॉस्टिकचं पाणी सिरिंजमध्ये,
वाटीत स्पिरिट, त्यात एवढंसं तेल,
आणि गुलाबी होणाऱ्या त्या औषधाची बाटली
आयत्या वेळी रिकामी.
हळद घातली.
सांगलीत हळदीला काय तोटा,
यार्डाकडून वारा सुटला
की दोरीवरचं पांढरं पातळ पांढरं राहत नाही.

एक रेघ. पिवळं.
दोन, तीन. पिवळंच.
जिनपाल श्वास धरून.
सहाव्या रेघेला लाल.
अगदी तो लाल.
हळदीचं कुंकू असंच करतात, चुना घालून,
माहीत होतं मला. आठ वर्षांत
आठवायचं कारण पडलं नव्हतं.
वाटी हातात तशीच राहिली.
'वहिनी, किती लिहू?'
सहा लिही, म्हटलं.

मिथेनॉल ओतताना दार उघडं, पोरं लांब,
देवापुढचा दिवासुद्धा विझवून.
त्याची ज्योत उन्हात दिसत नाही.
कळते ती कातडीलाच.

रात्रभर पिंपाला हात लावायचा नाही.
सकाळी दोन थर:
खाली काकवी, वर मध.
वरचं तीनदा धुवायचं,
पहिलं पाणी दूध, दुसरं ताक,
तिसऱ्यात बोटं दिसली की पुरे.
थंडीत घट्ट होतं म्हणून
पौषात पंपावरचं निम्मं मिसळतो.
बाकी वर्षभर निव्वळ हेच.

टेम्पो ह्यांचा.
मागच्या फळीवर माझं नाव, पद्मावति,
वेलांटी चुकलेली. रंगाऱ्याशी भांडले नाहीत,
म्हणाले, दुरुस्त केली तर डाग दिसेल.
पहिल्या महिन्यात अंकलीच्या पुलावर बंद पडला.
मागं उसाच्या ट्रॉल्या, हॉर्न,
जिनपालचा फोन, घाबरलेला:
तेल बिघडलं वाटतं, वहिनी.
तेल बिघडलं नव्हतं.
ह्या तेलानं टाकी धुतली होती.
इतक्या वर्षांचा गाळ, ह्यांच्या हातानं
पंपापंपावर भरलेल्या डिझेलचा,
सगळा सुटून फिल्टरमध्ये येऊन बसलेला.

जिनपालनं तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणला.
काळा, जड.
फेकू का, म्हणाला.
ठेव तिथं, म्हटलं, फडताळावर.
अजून तिथंच आहे. खाली कागद घातलाय,
झिरपतो म्हणून.

आता नवा फिल्टर, नव्या नळ्या,
जुनं रबर हे तेल खातं.
तासगावला बेदाण्याच्या फेरीला
टेम्पो गल्लीतून निघतो
तेव्हा मागं शेवेचा वास
आणि वासामागं बशीरभाईच्या दुकानापुढचं
ते लंगडं कुत्रं.
वखारभागाच्या वळणापर्यंत पळतं,
उभं राहतं,
मिळत काहीच नाही. परत येतं.
पुढच्या फेरीला पुन्हा पळतं.