जसंच्या तसं

जानेवारीत अधिवेशन सुरू झालं की
आमच्या छापखान्याला रात्र नसते.
ऑर्व्हिल ट्वेट यंत्राला तेल देतो, शिव्याही देतो.
मी लाल पेन्सिल घेऊन, हीटरला पाय लावून,
मुद्रितं तपासत बसते.
बाहेर हेलेना. उणे बावीस.

या आठवड्यात दोन कामं:
शाळांसाठी राज्यघटनेच्या चार हजार पुस्तिका,
पिवळट कागद, एकच पिन, पैसे उधार.
आणि तांब्याच्या कंपनीची पत्रकं,
इतकी गुळगुळीत की बोटांचे ठसे उमटतात.
त्यांवर आमचे आमदार ब्रँडवोल्ड,
गुडघाभर पाण्यात, हातात ट्राउट.
मासा इथला नाही. ऑर्व्हिलला मासे कळतात.
यांचे पैसे आगाऊ.

मंगळवारी विधेयक आलं,
विधानसभेतून नाही, कंपनीच्या वकिलाकडून,
जुळवून, मांडून; वर नाव तेवढं घालायचं बाकी.
कलम चार, ओळ अकरा:
खाणीचं पाणी टॅनर ओढ्यात सोडता येईल.
जुन्या कायद्यात तिथं
‘येणार नाही’ होतं.

पेन्सिल टेकवली, आणि थांबले.
चूक असेल तर माझं काम.
चूक नसेल तर
माझं काम नाही.

ब्रँडवोल्डना फोन लावला. जेवत होते.
म्हणाले, कुठलं विधेयक?
म्हटलं, तुमचं.
मागे ताटल्या वाजल्या. मग म्हणाले,
त्यांनाच विचारा ना, भाषा त्यांची आहे.
माणूस वाईट नाही. माझ्या भावाच्या मयताला आले होते,
बर्फात शेवटपर्यंत थांबले होते, टोपी काढून.

वकिलाच्या ऑफिसातल्या मुलीनं होल्डवर ठेवलं.
बराच वेळ व्हायोलिन.
मग तिचाच आवाज:
जसंच्या तसं छापा.

छापलं.

शुक्रवारी एकसष्ट विरुद्ध एकोणचाळीस.
रेडिओवर हवामानाच्या आधी सांगितलं,
अर्ध्या मिनिटात.

पुस्तिकांचे गठ्ठे बांधायला जाड कागद संपला होता.
ऑर्व्हिलनं पत्रकांचे खराब ताव घेतले,
शाई फुटलेले, ट्राउटला दोन डोकी आलेले,
आणि घटना त्यांत गुंडाळली.
झोप आता, म्हणाला.

मी एक पुस्तिका बाहेर ठेवली होती.
दिव्याखाली धरून तिच्यातले ‘नाही’ मोजले.
एकदा अडतीस आले, एकदा सदतीस.
पुन्हा पहिल्या पानापासून
बसले.