वायसर

रुझार आता कौलांवर चढत नाही.
गुडघा दाखवतो, पँट वर करून,
जणू मी पुरावा मागितला होता.
"तू चढ," म्हणाला, "तू हलकी आहेस.
कौल कौलावर चढतं तिथंच पाय ठेव,
खाली रीप असते.
मधे ठेवलास तर तू थेट देवासमोर."

गळतंही तिथंच. देवाच्या खोलीत,
माटोळी बांधतो त्या चौकटीच्या नेमकं वर.
चवथीला अकरा दिवस.
मामंजी खुर्चीतून काठी छताकडे रोखून
इथं नाही, इथं.

आणि गिझर.
शनिवारपासून नुसता लाल दिवा दाखवतो,
पाणी विहिरीतून आलं तसंच थंड.
उल्हास जहाजावर फिटर आहे.
दोन हजार पाहुणे रोज कढत पाण्यानं अंघोळ करतात
त्याच्या जिवावर.
फोनवर आवाज दोन सेकंद उशिरा पोचतो:
आधी मेन बंद कर.
केला.
काय?
केला.
ऐक, आधी मेन बंद कर.

टाकी रिकामी केली, चार नट सोडवले.
बाहेर आलं ते कॉइल वाटेना,
पांढऱ्या पोवळ्याची फांदी,
नऊ वर्षांची विहीर त्यावर साचलेली.

नवा पणजीहून.
फेरीबोटीत जुना मांडीवर, पिशवीत गुंडाळलेला,
दुकानदाराला दाखवायला.
घरी येऊन बसवते तर वायसर एक नंबर मोठा.
पुन्हा धक्का. पुन्हा रायबंदर.
तीच खारफुटी, तोच तांडेल:
"किदें गो, परत?"
मी पिशवीतून वायसर काढून डोळ्याला लावला,
त्यातून त्याच्याकडे बघितलं.
हसला. त्याच्याही घरी गिझर असणार.

कौलं दुसऱ्या दिवशी, दहाच्या उघडिपीत.
शेवाळ नखानं खरवडत, बसून बसून सरकत गेले.
तिसऱ्या ओळीतलं फुटकं कौल उचललं
तर खाली निळी ताडपत्री,
डांबर फासलेली, नायलॉनच्या दोरीनं वाशाला आवळलेली,
आणि दोरीला ती गाठ.

ती गाठ मला येते.
लग्न झालं त्या आठवड्यात
त्यानं माझ्या ओढणीवर शिकवली होती:
ओढलीस तर घट्ट होते,
उलट ढकललीस तर सुटते.
सात वर्षांपूर्वी तो याच शिडीवरून उतरला,
हात झटकले, म्हणाला, झालं. कायमचं.

पाणी त्यानं अडवलं होतं खरं.
अडलेलं पाणी तिथंच बसून राहिलं, सात पावसाळे.
रीप बोटानं दाबली
तर चहात बुडवलेल्या उंड्यासारखी आत गेली.

गाठ ढकलून सोडवायला अर्धा तास.
खालून रुझार: "मेलीस काय गो?"
नवी रीप त्याच्याच मोडक्या पलंगाची पट्टी,
खिळे माझ्या तोंडात,
म्हणून उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी पहिली बादली मामंजींना.
बोट घालून बघितलं, मग मनगट,
मग काही न बोलता दार लावून घेतलं,
आणि बराच वेळ तांब्याचा आवाज.

रात्री जोराची सर आली.
टॉर्च घेऊन देवाच्या खोलीत उभी राहिले:
कोरडं.
मग व्हरांड्यात टप्.
मामंजींच्या खुर्चीपासून हातभर.
सकाळी त्यांनी खुर्ची सरकवली,
बादलीकडे बघून म्हणाले,
"इथं गळलेलं चालतं."

उल्हासनं विचारलं, कुठून येत होतं?
म्हटलं, एक कौल फुटलं होतं.
दोन सेकंद.
वानर असेल, म्हणाला.
असेल.

दोरी अजून चांगली आहे.
डांबर घासून काढलं, गेलं तेवढं,
पायरीवर वाळत घातली आहे.
माटोळीला लागेल.