ओंडके मोजणारी

पान जन्मलं रात्री नऊ चाळीसला,
नऊ त्रेचाळीसला गेलं.
कारण: दखलपात्र नाही.
तीन मिनिटं. तेवढ्यात
माझ्या किटलीतलं पाणीही उकळत नाही.

आमचं काम त्यानंतरचं.
पगार नाही, हुद्दा नाही.
कोशाच्या मागच्या दारी जायचं, टोपली उपसायची,
आणि विचारायचं, हा खरंच केर होता का?
आम्ही तिघं:
तामालेची अबीबा, बाळंतिणींच्या वॉर्डातली पाळी संपवून;
वाल्दिव्हियाचा निबाल्दो, तिथे अजून ऊन असतं;
आणि मी, रायली, ओऊलूत, बाहेर उणे एकवीस.
रेल्वेची वेळापत्रकं तपासण्यात हयात गेली,
आता लोकांची घाई तपासते.

खोडलेल्या पानावर दोनच वाक्यं होती.
'हिल्या पोर्तिमो हिने नदीतून वाहत येणारे ओंडके मोजले.
एकतीस वर्षं मोजले.'
लिहिणाऱ्याने तिसऱ्यासाठी तोंड उघडलं असेल,
तेवढ्यात दार लागलं.

निबाल्दो म्हणाला, मोजणं हे काय कर्तृत्व?
अबीबा म्हणाली, मी रोज मोजते. कळा, ठोके, मिनिटं.
एखादा चुकव, मग विचार.
मी काही म्हणाले नाही.
सकाळी कोट चढवला.

वाचनालयात इल्पोने मायक्रोफिल्मचं यंत्र लावून दिलं.
ते घशात कफ असल्यासारखं चालतं.
एकोणीसशे अठ्ठावन्न, जून,
सायकलींच्या जाहिरातीखाली बोटभर बातमी:
कंपनीच्या हिशेबात चार हजार ओंडके कमी,
संशय मजुरांवर.
मग बाईंची वही उघडली.
ओंडके तिच्या वळणापर्यंत आलेच नव्हते,
वर, दगडांच्या जबड्यात अडकून पडले होते.
अठरा माणसं त्या रात्री आपापल्या घरी जेवली.

एका पुराव्याने भागत नाही.
दुसरा सापडला एका जुन्या प्रबंधात, तळटीपेत,
तिचं आडनाव चुकलेलं.

पान परत आणलं.
खोडणाऱ्याला चार ओळी लिहिल्या, राग गाळून.
त्याचं उत्तर आलं पहाटे:
'त्या रात्री दोनशे पानं होती.
शिव्या, जाहिराती, टक्कल घालवणारं तेल.
सुक्याबरोबर ओलं जळालं. माफ करा.'
त्याचेही डोळे बिनपगारीच चुरचुरतात,
हे मी विसरले होते.

सगळंच परत येत नाही.
'माझा भाऊ युसो. तो फार चांगला गोलरक्षक होता.
तो चौदा वर्षांचा आहे.'
होता आणि आहे, एकाच पानावर.
आम्ही तिघांनी तीनदा वाचलं
आणि तिघांनी लिहिलं, खोडलेलंच राहू दे.
निबाल्दोने कारण लिहिलं, मग पुसलं,
मग नुसता नियमाचा आकडा टाकला.
अबीबाने तो मजकूर त्या पोराला परत पाठवला,
सोबत पत्र. तासभर लागला तिला.
पत्रात काय होतं, आम्ही विचारलं नाही.

काल नोंदवही मागे मागे चाळत होते.
अकरा वर्षांपूर्वीची एक ओळ:
पान खोडलं. खोडणारी: रायली. कारण: रिकामं.
उघडून पाहिलं. रिकामं नव्हतं.
'इथे थांबा होता. हात दाखवला की गाडी थांबायची.'
गावाचं नाव मला ठाऊक होतं.
त्या थांब्याची वेळ मीच तपासायची,
सहा बावीस, फक्त मागणीनुसार.
कुणीतरी पुन्हा हात दाखवला होता
आणि मी एका मिनिटाच्या आत निघून गेले.

आपलं खोडलेलं आपण तपासायचं नाही, असा रिवाज आहे.
म्हणून ते पान टोपलीत टाकलं, सगळ्यांत वर.
कारणाच्या चौकटीत लिहिलं: घाई झाली.
मग 'झाली' खोडून 'केली' लिहिलं.

किटली ठेवली आहे.
अबीबाची पाळी अजून संपायची आहे.