स्थावर, जंगम, ओला, सुका

छाजेड वकिलांनी विचारलं, स्थावर काय, जंगम काय?
मी सांगत गेले:
लोकमान्य नगरातला तळमजला,
बँकेच्या चार पावत्या, पोस्टातली एक,
सहा पाटल्या, त्यांतली एक चेपलेली,
आणि अच्युत.

त्यांचं पेन थांबलं.
"माताजी, अच्युत भैया संपत्ति में नहीं आते.
वो लाभार्थी हैं."

लाभार्थी.
त्रेचाळीस वर्षांत त्याला
इतकं वजनदार नाव कुणी दिलं नव्हतं.
शाळेनं दिलेलं
मी अजून तोंडानं उच्चारत नाही.

नुसतं मृत्युपत्र पुरणार नाही, ते म्हणाले.
घर थेट त्याच्या नावावर केलंत
तर कुणीही एक पेढा देऊन सही घेईल.
खरं आहे.
तो पेढ्याशिवायही देतो.
सही म्हणजे एकच अ,
पण शेवटची दांडी ओढल्यावर
पेन उचलून, मान तिरकी करून
स्वतःच बघत राहतो.

म्हणून न्यास.
घर न्यासाचं, पाटल्या न्यासाच्या, व्याज न्यासाचं.
अच्युत राहील, जेवेल, औषध घेईल,
तो असेपर्यंत विकता कुणालाच येणार नाही.
विश्वस्त तीन हवेत.
हैदराबादची माझी स्वरूपा.
नणंदेचा श्रीनिवास, जो हिशेबाला पक्का आहे
आणि बाकी कशाला नाही.
तिसरी जागा अकरा दिवस रिकामी होती.
नातलगांची नावं लिहून खोडत होते,
लग्नातले फोटो काढून चेहरे बघत होते.
शेवटी कोपऱ्यावरचा औषधवाला खंडेलवाल,
ज्यानं वीस वर्षांत अच्युतला
एकदाही सुटे पैसे कमी दिले नाहीत.

कलम नऊ मी घरी बसून लिहिलं.
वकील म्हणाले, हे कलमात बसत नाही,
वेगळं पत्र जोडू या.
जोडलं:
फेफऱ्याची गोळी आठला. आधी पाणी, मग गोळी, मग परत पाणी.
न्हाव्याला सांगावं, कानाशी मशीन नको.
स्वरूपाचा फोन लागला नाही तर
"लागला नाही" म्हणावं.
"करते म्हणाली" म्हणू नये, तो जेवत नाही.
आई कुठे गेली असं विचारलं तर

ती ओळ तशीच आहे.
पत्र तसंच जोडलंय.

मोती तबेल्याच्या कचेरीत अंगठा दिला, फोटो निघाला.
डॉक्टरांचा कागद वर टाचलेला.
बाबूनं भराभरा वाचून दाखवलं:
मी, सुनंदा माधव टेंबे, वय बहात्तर,
पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली नसताना...
सगळ्या दस्तात एवढंच खोटं.
रात्री दीड वाजता त्याच्या खोलीतला
पंखा ऐकत पडलेली बाई
दडपणाखाली नाही?
सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी
कचरागाडीचं गाणं वाजलं.
ही त्याची वेळ. आमच्या घरात कचऱ्याचं
त्याच्याइतकं कळणारं कुणी नाही.
सालं वेगळी, काच वेगळी,
मेलेले सेल सुतळीनं बांधून वेगळे.
टेबलावर मृत्युपत्राचा पहिला कच्चा मसुदा होता,
चहा सांडून कोपरा भिजलेला.
दोन्ही हातांत धरून त्यानं मला विचारलं,
"ओला की सुका?"

मला सांगता येईना.
त्यानं वाट पाहिली. मग स्वतःच
भिजलेला कोपरा फाडून ओल्यात टाकला,
उरलेला सपाट करून सुक्यात.
गाडीवाला हसला,
"भैया, पूरी गली में ऐसा कोई नहीं करता."
"माहितेय," अच्युत म्हणाला.
मग बादल्या धुतल्या,
पायरीवर उपड्या घातल्या, ओळीनं.

पत्रात एक ओळ वाढवायला हवी:
गाडी आली असताना
त्याला मागून हाक मारू नये.