चपलांपाशी

चतुःशृंगीच्या पायऱ्यांखाली, उजव्या हाताला,
नारळवाल्याच्या फळकुटाशेजारी एक सपाट दगड आहे.
त्यावर मी एकतीस वर्षं बसलो, दर मंगळवारी.
कालिंदी वर जायची.
मी तिच्या चपला सांभाळायचो.

लग्नाआधीच सांगितलं होतं,
खडकी बाजारातल्या गुऱ्हाळात, ग्लासात नुसता बर्फ उरलेला,
की बाई, माझा काही विश्वास नाही.
ती म्हणाली, बरं. सोडायला येशील ना पण?
एवढ्यावर ठरलं आमचं.

मी कारखान्यात मापं तपासायचो.
मिलीमीटरचा शंभरावा भाग.
जे मोजता आलं नाही त्यावर सही करायची नाही,
ही खोड घरीही आली, अंगाला लागलेल्या तेलासारखी.

ती खाली यायची, तळव्यावर खोबऱ्याचा तुकडा ठेवायची.
मी तो खोबरं म्हणून खायचो.
चवीत फरक पडत नसे.
काय मागितलंस?
तुला काय करायचंय, तुझं खातं तरी आहे का तिथं?
मग दोन पावलं चालल्यावर,
तुझंही माझ्याच खात्यात टाकून आले.

एकदा तिला म्हणालो,
वर कुणी नाही, म्हणून तर खाली कुणीतरी बसायला हवं.
मला हे वाक्य फार आवडलं होतं.
ती म्हणाली, टाळ्यांसाठी बोलतोस.

ससूनमध्ये तिला अकरा पिशव्या रक्त चढलं.
पिशवीवर नाव नसतं.
गट असतो, तारीख असते, नंबर असतो.
ती म्हणाली, देवी पावली.
मी नंबर वाचत होतो. शेवटचे चार आकडे अजून पाठ आहेत,
सात शून्य दोन नऊ.
कुणीतरी बाही वर सारली होती,
चहा-बिस्कीट घेऊन परत कामावर गेलं होतं.
रक्तपेढीतल्या मुलाला विचारलं, कोण हो हा?
तसं सांगता येत नाही, काका. नियम आहे.
मग आभार कुठं ठेवायचे?
तो गोंधळला. म्हणाला, तुम्हीच द्या की एकदा.
देत राहिलो. पासष्टीला त्यांनी नको म्हटलं.

तिचं सगळं दहाव्याला मेव्हण्यानं केलं.
मी अडवलं नाही, ते तिचं होतं.
तिथंही मी चपलांपाशी बसलो.
तिच्या जोडाला जागा ठेवून.

रात्री भीती वाटते का, पुतण्या विचारतो.
वाटते.
दिवा लावतो. पाणी पितो.
समोरच्या इमारतीत आल्हाट वहिनींची खिडकी उजळलेली असते,
त्यांनाही झोप नसते. त्या हात करतात.
मी करतो.

मंगळवार सोडवत नाही.
आता अनोळखी लोक चपला ठेवून जातात,
आजोबा, बघाल ना जरा?
टाचांवरून माणसं ओळखू यायला लागलीत,
कोण डाव्या पायावर भार देतं, कोण घाईत झिजतं.

परवा एक बाई आली, कडेवर सात-आठ वर्षांचं पोर.
पायातला लोखंडी पट्ट्यांचा बूट सोडला तिनं,
वर उचलूनच नेते म्हणाली, चालताना वाजतो हो फार.
पोराचं चालणं माझ्यापाशी ठेवून ती गेली.

गुडघ्यापाशी स्क्रू ढिला होता, एवढंच.
माझ्या खिशात अजून छोटा पेचकस असतो.
घट्ट केला. पट्टी डोळ्यासमोर धरून पाहिली,
वाकली होती किंचित. दगडावर ठोकून सरळ केली.
कितीतरी वर्षांनी सही करावीशी वाटली.

ती उतरली, पोराला बूट चढवला.
पोर फळकुटापर्यंत गेलं, परत आलं.
आवाज नाही.
बाईनं कळसाकडं बघून हात जोडले,
पावली हो, पावली!
पुण्यात जन्म काढूनही मी वाद घातला नाही,
याची कुठंतरी नोंद व्हावी.

तिनं खोबरं दिलं.
अर्धं खाल्लं.
अर्धं सवयीनं शेजारी ठेवलं दगडावर.
थोड्या वेळानं मुंग्या आल्या,
त्यांनी नेलं.