छाट

लावण्या इराबत्ती, रोल नंबर सत्तेचाळीस,
तुझा प्रकल्प माझ्यापुढे आहे.
विषय: सोलापूरच्या पूर्व भागातील विडी कामगार स्त्रिया.
बावीस पानं, स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक.
एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही
आणि तिथेच माझी शंका सुरू झाली.

जूनपासून तुझी वही तपासते आहे मी.
तुझ्या वहीत 'आणि' नेहमी 'आनी' असतं.
घरात तेलुगू, गल्लीत कानडी, दखनी,
आणि कॉलेजातली ही आमची मराठी
तू पाहुण्यांकडच्या खुर्चीत बसल्यासारखी
टोकावर बसून लिहितेस.

इथे मात्र पान दोनवर
'समाजाच्या परिघावरील या घटकाचा
सर्वंकष आढावा घेणे ही काळाची गरज आहे.'
हा घटक म्हणजे
तुझी आई गं.

कॉलेजनं घेतलेलं नवं सॉफ्टवेअर म्हणतं, शहाण्णव टक्के.
कशाचे, हे त्यालाही धड माहीत नसावं.
मी उरलेले चार शोधत बसले.
दुपारची वीज गेलेली,
साखर पेठेतले माग थांबलेले,
वहीनं वारा घेत पानं उलटत होते.
चौदाव्या पानावर, तक्त्याच्या खाली, सापडले:

'आम्माच्या बोटाचे ठसे गेले.
रेशनचं मशिन तीला वळखत नाही.'

बोलावून विचारलं तेव्हा
तू ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिलीस,
मग एकदम म्हणालीस,
मॅडम, सगळं असंच लिहिलं असतं
तर तुम्ही लाल केलं असतं.

केलं असतं.
पहिल्या सत्रात केलंच होतं.

छाट म्हणजे काय ते तुला मी सांगायला नको.
हजार विड्या घेऊन आई कारखान्यात उभी राहते,
तपासणारा मूठ-मूठ बाजूला काढतो:
ही सैल, हिचं तोंड नीट मुडपलेलं नाही, हिचं पान फाटकं.
पैसे कापतात.
विड्या परत देत नाहीत.
मीही लाल पेन घेऊन वर्षभर त्याच टेबलामागे बसले होते,
आणि तू शेवटी
छाट न निघणारा माल आणून दिलास.

आता माझंही ऐक.
माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातली अडीच पानं
माझी नाहीत.
धारवाडच्या ग्रंथालयात वाळवी लागलेला एक प्रबंध होता,
त्याची कुणी चौकशी करणार नव्हतं.
टायपिंगवाल्या जक्कलमामांनी
भाषा बदललेली ओळखली होती बहुतेक.
चष्म्यावरून एकदा पाहिलं
आणि पानामागे चार रुपये घेतले, ठरल्याप्रमाणे.
पदवी भिंतीवर आहे.
सणासुदीला मीच तिची काच पुसते.

म्हणून तुला सोडते आहे, असं समजू नकोस.
प्रकल्प परत ने.
बाइंडिंग राहू दे, चाळीस रुपये घातलेस त्यात.
चौदावं पान ठेव.
विडी घरकुलात संध्याकाळी आई पत्त्यावर पत्र्याचा फर्मा ठेवून
कातर चालवत असेल, तिच्याजवळ बस.
विचार, कुठल्या बोटाचा ठसा आधी गेला.
रेशनवाल्यानं किती वेळा बोट पुसायला लावलं,
आणि त्या दिवशी तांदूळ मिळाला का.
ती तेलुगूत सांगेल. जिथे मराठी पुरणार नाही
तिथे तिचाच शब्द राहू दे.
फोनला विचारायचं तर विचार,
पण विचारलंस ते शेवटी लिही:
काय विचारलं, त्यानं काय दिलं, तू काय ठेवलंस.
मी 'आनी'ला हात लावणार नाही.
लावलाच तर पेन्सिलनं.

सोमवारी गुण विद्यापीठाला जायचे आहेत.
तुझा रकाना कोरा आहे.

उद्या सकाळी कॉलेजच्या दारात
हजेरीच्या यंत्रावर मी अंगठा टेकवीन.
ते मला पहिल्याच झटक्यात ओळखतं.
हिरवा दिवा लावून
थँक यू म्हणतं.